पीयूषिका ग्रंथीची सौम्य गाठ

मेंदूच्या तळाशी, जतुकास्थीच्या खोबणीत वसलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतील कर्करोगरहित पेशीवाढीस पिट्युटरी ॲडेनोमा म्हणतात. ‘सौम्य’ म्हणजे शरीरात इतरत्र न पसरणारी, निरुपद्रवी नव्हे. मोठी गाठ वरच्या दृक्-चेतांवर दाब आणते व दोन्ही डोळ्यांची कानाकडील बाजूची दृष्टी मंदावते. हा दोष चष्म्याने सुधारत नाही.

काही गाठी संप्रेरके स्रवतात. वृद्धिसंप्रेरक वाढल्यास प्रौढांचे हात, पाय व जबडा मोठा होतो; अंगठी रुतू लागते, चपलेचे माप वाढते. बदल इतका सावकाश होतो की घरच्यांच्या तो ध्यानी येत नाही. जुने छायाचित्र येथे मोलाचे ठरते.

प्रोलॅक्टिन स्रवणाऱ्या गाठी सर्वाधिक आढळतात. त्यांमुळे मासिक पाळी थांबते व गर्भधारणा होत नाही. स्त्रीला वंध्यत्वाचा बोल लावण्यापूर्वी ही साधी रक्ततपासणी व्हावयास हवी, कारण अशी गाठ बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आकसते. लहान, संप्रेरक न स्रवणाऱ्या गाठीवर केवळ लक्ष ठेवतात. इतर गाठी सहसा नाकावाटे दुर्बिणीने काढतात.

यवतमाळ जिल्ह्यात प्राथमिक तपासणीसाठी श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. शस्त्रक्रियेसाठी बहुधा नागपूर किंवा वर्ध्यानजीकचे सावंगी गाठावे लागते. शस्त्रक्रियेनंतर स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असल्यास त्या परस्पर बंद करणे जिवावर बेतू शकते.