ख्रिस्ती धर्मातील समता : ग्रंथातील आणि पंगतीतील

धर्म बदलला म्हणजे माणसाचा सामाजिक दर्जा बदलतो काय, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी तो स्वतःच्या आयुष्यात सोडवला आहे. परंतु इतर धर्मांत माणसाच्या दर्जाविषयी काय सांगितले आहे व प्रत्यक्षात काय घडले, याची नीट माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असते. दादरचे पोर्तुगीज चर्च, माहीमचे सेंट मायकल चर्च, आपल्या माटुंग्याचे डॉन बॉस्को ही नावे आपल्याला बसथांब्याइतकी परिचयाची आहेत. त्या दारांच्या आत समतेचा विचार कोणत्या पायावर उभा आहे, हे विशेषतः विद्यार्थी बंधू-भगिनींनी समजून घ्यावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

ग्रंथ काय सांगतो?

ख्रिस्ती समतेचा पहिला आधार बायबलच्या पहिल्याच अध्यायात आहे. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, पुरुष आणि स्त्री असे दोघांनाही, असे तेथे सांगितले आहे. कोणी मुखातून आणि कोणी पायातून जन्मला, अशी वाटणी त्यात नाही. दुसरा आधार संत पौलाच्या गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात मिळतो. ख्रिस्तात आल्यावर यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हे भेद उरत नाहीत, असा त्याचा आशय आहे. वंश, वर्ग आणि लिंग या तिन्ही भेदांचा उल्लेख एकाच ठिकाणी यावा, ही गोष्ट सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन साम्राज्यात सामान्य नव्हती.

याकोबाचे पत्र त्याहून व्यवहारी आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला श्रीमंत आला तर त्याला चांगली जागा द्यायची आणि मळकट कपड्यांतला गरीब आला तर त्याला उभे ठेवायचे किंवा पायाशी बसवायचे, हे पाप आहे, असे त्यात बजावले आहे.

तथापि या ग्रंथाला दुसरी बाजूही आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात तोच पौल सांगतो की, ज्याला ज्या स्थितीत देवाने बोलावले त्याने त्या स्थितीत राहावे. पळून आलेल्या अनेसिम नावाच्या दासाला तो त्याच्या मालकाकडे, फिलेमोनकडे, परत पाठवतो. याला आता दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून स्वीकार, अशी विनंती मात्र तो पत्रात करतो. दास्याची प्रथाच चुकीची आहे, असे तो स्पष्टपणे म्हणत नाही. म्हणूनच पुढे अमेरिकेत गुलामांचे मालक आणि गुलामगिरीचे विरोधक, दोघेही एकाच ग्रंथातून आपापला आधार काढत राहिले.

थोडक्यात सांगायचे तर, देवाच्या दृष्टीने सर्व माणसे समान आहेत हे ख्रिस्ती धर्म निःसंदिग्धपणे सांगतो. परंतु समाजातील उच्चनीच स्थान कोणी, केव्हा आणि कसे मोडायचे, हे काम त्याने मंडळीच्या हाती सोपवले आहे. मंडळीने ते केले तर समता येते, न केल्यास ती ग्रंथातच राहते.

पहिले भांडण पंगतीचे

ख्रिस्ती मंडळीतील अगदी सुरुवातीच्या मोठ्या वादांपैकी एक वाद पंगतीचा होता, हे वाचून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटेल. अंत्युखिया नगरात पेत्र हा प्रमुख शिष्य यहुदी नसलेल्या लोकांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आली, तेव्हा तो भीतीने त्या पंगतीतून बाजूला झाला. पौलाने सर्वांसमक्ष त्याला दोष दिला. करिंथ येथे तर प्रभुभोजनाच्या वेळी काही जण आधीच पोटभर जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. त्याबद्दलही पौलाने खरमरीत शब्दांत लिहिले आहे. रोटीव्यवहार हीच समतेची पहिली कसोटी, हे त्या काळच्या लोकांना चांगले कळले होते.

भारतात आल्यावर काय झाले?

हेच भांडण भारतात पुन्हा उभे राहिले. रॉबर्टो द नोबिली हा इटालियन धर्मगुरू १६०६ साली मदुरेला आला. उच्चवर्णीयांना धर्मात आणण्यासाठी तो ब्राह्मण संन्याशासारखा राहू लागला. बाप्तिस्मा घेतल्यावरही जानवे आणि शेंडी ठेवण्याची मुभा पोपने १६२३ साली दिली. याउलट प्रॉटेस्टंट पंथाचे कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली आदेश काढला की, जातिभेद मंडळीतून पूर्णपणे गेलाच पाहिजे. त्यावरून तंजावरकडील अनेक उच्चजातीय ख्रिस्ती नाराज होऊन मंडळीपासून दूर झाले.

गोव्यात बामण, चारडो, सुदिर अशी जातींची नावे ख्रिस्ती झाल्यावरही कायम राहिली. चर्चच्या उत्सवाचे मान सांभाळणाऱ्या संघांतही जातीप्रमाणे फळ्या पडल्या. १७८७ साली गोव्यातील देशी धर्मगुरूंनी पोर्तुगिजांविरुद्ध कट केला. गोऱ्या धर्मगुरूंपेक्षा आपल्याला खालचे लेखले जाते, वरच्या जागा मिळत नाहीत, हे त्यामागचे एक कारण होते. पण हे देशी धर्मगुरू बहुधा वरच्या जातींतूनच घेतलेले असत. वर्णभेदाचा चटका ज्यांना बसला, त्यांना आपल्या खालचा जातिभेद मात्र तितकासा बोचला नाही. आपल्या जवळच्या वसईतही सामवेदी, वाडवळ, कोळी अशा ख्रिस्ती समाजांच्या सोयरिकी परंपरेने आपापल्यातच होत आल्या.

महाराष्ट्रातील चित्र

अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ साली आणि अहमदनगरला १८३१ साली सुरू झाले. या मिशनने जात सोडणे ही बाप्तिस्म्याची अट मानली. प्रभुभोजनाच्या एकाच प्याल्याला ब्राह्मण आणि महार या दोघांचे ओठ लागणे, ही त्या काळच्या महाराष्ट्रात लहान गोष्ट नव्हती. याच मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात १८५५ साली मुक्ता साळवे या मातंग समाजातील विद्यार्थिनीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. मुक्ता ही जोतिराव व सावित्रीबाईंच्या शाळेतील मुलगी. तिचे शब्द छापण्याची हिंमत या पत्राने दाखवली, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

जात मनातून जाणे किती कठीण असते, याचे उत्तम उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तरी लक्ष्मीबाईंचे सोवळे काही सुटेना. पुढे स्वतः विचार करूनच त्यांनी जातिभेद टाकला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तेथील ब्राह्मण विधवांना आपले जातीचे आचार पाळण्याची मोकळीक होती. पुढे दुष्काळातून वाचवलेल्या मुलींसाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले, तेथे मात्र सर्व जातींच्या मुली एकत्र वाढल्या.

नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांमध्ये मोठी संख्या महार समाजाची होती. त्यांना शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, पुष्कळांना शिक्षकाची नोकरी मिळाली. पण गावाच्या दृष्टीने महारवाड्यातला ख्रिस्ती हा बहुधा महारच राहिला. मी बँकेत काम करणारा माणूस आहे. संध्याकाळी वहीतली शिल्लक आणि तिजोरीतली रोकड यांचा मेळ बसल्याशिवाय आम्हाला घरी जाता येत नाही. ख्रिस्ती समतेच्या बाबतीत वहीतली रक्कम मोठी आहे, पण आपल्या देशात तिजोरीत ती पुरती जमा झाली नाही, असेच म्हणावे लागते.

बाबासाहेबांचे विचार

येवल्याच्या १९३५ च्या घोषणेनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सर्व धर्मांचा कसून अभ्यास केला. आपल्या माटुंग्याच्या शेजारीच, दादरच्या नायगावात, मे १९३६ मध्ये महार परिषद भरली. ‘मुक्ती कोन पथे?’ या तेथील भाषणात त्यांनी हाच प्रश्न हाताळला आहे. मुसलमान आणि ख्रिस्ती यांच्यातही जाती आहेत, हे त्यांनी नाकारले नाही. परंतु त्यांच्यातील जातीला धर्माचा आधार नाही. म्हणून त्यांच्यापैकी कोणी जात मोडायला निघाला, तर त्याला धर्म मोडावा लागत नाही, उलट धर्माची मदतच होते, असा मुद्दा त्यांनी मांडला. हा भेद विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा.

त्याचबरोबर बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाला चार कठोर शब्दही ऐकवले. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी त्यांनी आदर व्यक्त केला. पण तुमचा समाज आपल्या हक्कांसाठी संघटितपणे लढत नाही, हेही स्पष्ट सांगितले. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर स्वतंत्र लेख आहे. मिशनऱ्यांनी अस्पृश्याला त्याच्या वैयक्तिक पापाची जाणीव करून दिली, पण त्याची अवनती अन्यायी समाजरचनेमुळे झाली हे शिकवले नाही, अशी टीका त्यात आहे.

कायद्याची बाजू

राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. नागपूरच्या दीक्षेपासून केंद्राच्या सवलती मिळेपर्यंत ३४ वर्षे गेली. त्या काळात दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहावे की सवलतीसाठी जुनीच नोंद ठेवावी, हा पेच आपल्या किती घरांत पडला, हे ज्येष्ठ सभासदांना सांगायला नको.

दलित ख्रिस्ती बांधव त्या पेचात आजही आहेत. मद्रासच्या एका ख्रिस्ती चर्मकाराला सरकारी योजनेतील टपरी नाकारली गेली, म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ च्या त्या सुसाई खटल्यात न्यायालयाने म्हटले की, धर्मांतरानंतर जात टिकते एवढे दाखवून भागणार नाही. नव्या समाजातही तितक्याच तीव्रतेच्या अडचणी सोसाव्या लागतात, हे सिद्ध झाले पाहिजे. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढण्याची शिफारस केली. २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला गेला. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना इतर मागासवर्गात होते. म्हणजे एकाच आजोबांची दोन नातवंडे, एक बौद्ध आणि एक ख्रिस्ती, नोकरीचा अर्ज भरताना दोन वेगळ्या रकान्यांत जातात.

खुद्द चर्चमध्येही आता कबुलीची भाषा ऐकू येते. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलितांच्या सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना मंडळीत अस्पृश्यता आणि भेदभाव असल्याचे मान्य केले. २०२२ साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल झाले. ही पावले उशिरा पडली, पण ती टाकताना त्यांना आपल्या ग्रंथाविरुद्ध जावे लागले नाही.

विद्यार्थ्यांसाठी

कोणत्याही धर्मातील समता पारखायची असेल तर तीन ठिकाणी पाहावे : पंगत, सोयरिक आणि स्मशान. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणारी भिंत उभी राहिली होती. एका बाजूला ग्रंथातील वचन आणि दुसऱ्या बाजूला ती भिंत, दोन्ही खरी आहेत.

ही कसोटी दुसऱ्याला लावताना आपल्यालाही लावावी लागेल. विवाह जुळवताना आपल्या घरांत पोटजात, गाव, प्रदेश विचारला जातो की नाही, याचे उत्तर प्रत्येकाने मनाशी द्यावे. ग्रंथातील समता पंगतीत उतरवणे हे ख्रिस्ती मंडळीचे अपुरे राहिलेले काम आहे. ते आपल्याकडेही पुरे झालेले नाही. सुट्टीत ‘मुक्ती कोन पथे?’ आणि ‘स्मृतिचित्रे’ ही दोन पुस्तके विद्यार्थ्यांनी जरूर वाचावीत आणि शेजारच्या ख्रिस्ती मित्राशी या विषयावर मोकळेपणाने बोलावे, एवढीच विनंती.