लोणारचे पाणी आणि घोडीचे पाय

समुद्र आम्हा वऱ्हाडकरांपासून शेकडो किलोमीटर दूर! तेव्हा कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचे, म्हणजे आमच्या तीन पायांच्या घोडीचे, पाय खाऱ्या पाण्यापासून जपावेत हा उपदेश मुंबईकरांनी रत्नागिरीकरांना करावा. अमरावती-अकोल्याच्या माणसाला त्याचे काय, असे मला वाटत असे. एका उसन्या घोडीने हा भ्रम दूर केला.

२०२० च्या जूनमध्ये लोणारचे सरोवर एकाएकी गुलाबी झाले, हे वाचकांना आठवत असेलच. खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता, असा निर्वाळा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दिला. तेव्हापासून लोणार पाहण्याची ओढ लागली होती. पुढे योग आला तेव्हा शेजारच्या काकांनी आपली जुनी, जिवापाड जपलेली घोडी मला दिली. "सर, न्या खुशाल. पण हिच्या पायांकडे लक्ष असू द्या," एवढेच ते म्हणाले.

उल्कापाताने काळ्या कातळात झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद. तळाशी सरोवर, आणि त्याच्या काठी उग्र वासाचा काळा चिखल. छायाचित्राच्या मोहात मी घोडी त्या चिखलातच रोवली. परतताना दर्यापूरकडे सासुरवाडीला मुक्काम केला. तेथे विहिरीचे दोन बादल्या पाणी शेंदून तिचे पाय स्वच्छ धुतले आणि कर्तव्य केल्याच्या समाधानाने झोपलो.

आठ दिवसांनी पाहतो तो एक पाय उघडेना! सांध्यांभोवती पांढरी पूड जमलेली. काकांना तोंड कसे दाखवावे? गुपचूप अकोल्यातल्या एका कारागिराकडे घोडी नेली. सारी हकीकत ऐकून तो हसला. "काऊन जी सर, धुतली तं खरी, पन मिठाच्याच पान्यानं धुतली ना!"

मी कपाळावर हात मारला. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा! अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरींचे पाणी खारे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक. जावईबापूंनाच तेवढे आठवले नाही.

ॲल्युमिनियमवर एक पातळ संरक्षक थर असतो. मीठ त्याला जागोजागी छिद्रे पाडते. लोणारचे पाणी तर खारट असून शिवाय सोड्यासारखे आहे. त्याचा सामू १० च्या आसपास असतो. असले पाणी तो थर विरघळवूनच टाकते. सोडा घालून काही शिजवले की ॲल्युमिनियमचे पातेले काळवंडते, हे गृहिणींना सांगायला नको. त्यातून पोलादी स्क्रू आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारे पाणी शिरले, की लहानशी बॅटरीच तयार होते आणि झीज ॲल्युमिनियमची होते. कार्बनच्या महागड्या घोडीचीही यातून सुटका नाही; तिचेही सांधे बहुधा ॲल्युमिनियमचेच.

मग करावे काय? पाण्यात उभे करायचे असेल तर पायाचा सर्वांत खालचा, बारीक भाग आधी पूर्ण उघडावा, म्हणजे सांधा पाण्याच्या वर राहतो. आपल्या काळ्या मातीत पाय रुततात. प्रत्येकाखाली डब्याचे रुंद झाकण ठेवावे. नदीच्या वाळूत काम केले असेल तर वाळूसकट पाय कधीही मिटू नये. तिच्यातली गारगोटी ॲल्युमिनियमहून कठीण असते. ती आट्यांत शिरली की कानशीसारखी घासते. वाळू सुकू द्यावी, मऊ ब्रशने झटकावी. पायांना बाहेरून तेल चोपडण्याचा मोह टाळावा. त्याला वाळू अधिकच चिकटते.

आणि मुख्य गोष्ट: खारे पाणी सुकण्याआधी, त्याच दिवशी, पाय सांध्यांपासून सोडवून गोड्या पाण्याने धुवावेत. कॅमेरा अर्थात आधी काढून ठेवावा! मग फडक्याने पुसून सावलीत उघडेच वाळवावेत आणि आट्यांना बोटभर ग्रीस लावून जोडावेत. आतले मीठ बाहेरून पुसून जात नाही.

कारागिराने पाय सोडवला, पण धातूवर खड्डे पडले ते पडलेच. मी काकांपुढे सारे कबूल केले. त्यांनी प्रत्येक सांधा फिरवून पाहिला, खड्ड्यांवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता घोडी कोपऱ्यात ठेवली. ते न बोलणेच फार लागले.

यंदा दिवाळीनंतर पुन्हा लोणारला जायचे आहे. परवा काका स्वतःच घोडी घेऊन आले. दुसऱ्या हातात पाच लिटरचा कॅन होता. अमरावतीच्या नळाचे, अप्पर वर्धा धरणाचे गोडे पाणी, काठोकाठ भरलेले.