खेळातल्या पात्राचं नाव : धावड्याने की धावडाने?

सुट्टीत मुलं फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळत असतील, तर एकदा जवळ बसून ऐका. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्र काय करतं ते तोंडाने सांगायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाने हा खेळ 1974 मध्ये अमेरिकेत निघाला. आमच्या ऊर्जानगरात तो वहीचं पान आणि सापशिडीचा फासा यांवरच चालतो.

पहिली अडचण नावाची. मुलं मोबाईलवरून ‘झायरॉक्सथॉर’ असलं काहीतरी आणतात. दिसायला भारी, पण बोलायला घेतलं की गाडी अडते. झायरॉक्सथॉर आला की आली? मराठीत क्रियापद लिंग विचारतं. शिवाय नावाला ने, ला, चा लागतात. म्हणून नाव पक्कं करण्याआधी ते घालून तीन वाक्यं मोठ्याने बोलायला लावा.

आमच्याकडे एकाने ‘धावडा’ घेतलं, जंगलातल्या झाडावरून. ‘धावड्याने तलवार उचलली,’ असं मी म्हटलं. तो लगेच म्हणाला, ‘सर, धावडाने! हे माणसाचं नाव आहे, झाडाचं नाही.’ बघा, सामान्य नाम आणि विशेष नाम यांतला फरक पोराने स्वतःच पकडला. झाडाच्या नावाचं सामान्यरूप होतं, पण माणसाचं नाव आपण बरेचदा आहे तसंच ठेवतो. वाद अर्धा तास चालला. मी थांबवला नाही.

नावं शोधायला लांब जावं लागत नाही. इरई, झरपट, अंधारी या नद्या; ऐन, बिजा, सालई ही झाडं; चंद्रपूरच्या गोंड राजघराण्यातली राणी हिराई. ताडोब्यातल्या वाघिणीची नोंद टी-12 अशी होती, पण लोकांच्या तोंडी राहिलं ते ‘माया’. ‘मटकासुर’ म्हटलं की तर पुढची गोष्ट ऐकावीशीच वाटते. टॉल्किननेसुद्धा ‘द हॉबिट’मधल्या बुटक्यांची नावं स्वतः रचत न बसता जुन्या नॉर्स काव्यातून उचलली, गँडाल्फ हे नावही तिथलंच.

पण जवळची नावं घेताना एक जपायला हवं. एकदा सूत्रधार झालेल्या मुलाने जंगलातल्या नरभक्षक टोळीच्या सरदाराला इथलं एक गोंड आडनाव दिलं. त्याच्या मनात काही नव्हतं, कानाला जंगली वाटलं म्हणून दिलं. टेबलाशी बसलेल्या एका मुलीचं तेच आडनाव. ती काही बोलली नाही, पण तिची पाळी आली तेव्हा तिने फासा उचललाच नाही. चूक माझीही होती. नावं ठरत होती तेव्हा मी कानाडोळा केला होता.

नंतर त्या मुलाशी मी एकट्याने बोललो. ‘जंगली’ म्हणजे काय, ते आडनाव तुला तसं का वाटलं, एवढंच विचारलं. त्याला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून नियम केला : दुष्टाला कुणाचंही खरं आडनाव किंवा जमातीचं नाव द्यायचं नाही.

मग सरदाराला नवं नाव हवं होतं. ते त्या मुलीनेच सुचवलं : राखासुर. वीज केंद्राची राख कुणाच्या गच्चीवर पडत नाही? सगळे हसले. सूत्रधार तेवढा विचारात पडला, ‘सर, माझे पप्पा तर प्लांटमध्येच आहेत!’