तीन तासांची दुबई

कोकणात कुणाच्याही ओटीवर बसून विचारा, दुबई किती लांब? उत्तर किलोमीटरमध्ये मिळायचं नाही. ‘तीन तास’ असंच मिळेल. मुंबईहून आखातातल्या बंदरांकडे जाणारी ‘द्वारका’ बोट १९८२ पर्यंत चालू होती. तेव्हा हेच अंतर लोक दिवसांत मोजत. आता ते तासांत आलं. पण या तीन तासांत नेमकं काय काय येतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर भरेल ती ही लांबी. विमान मात्र आखून दिलेल्या हवाई मार्गाने जातं आणि उतरण्याआधी कधी रांगेत घिरट्याही घालतं. म्हणून प्रत्यक्ष प्रवास थोडा जास्तच होतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. हिवाळ्यात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. समजा, विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर आणि वारा ताशी १००. जाताना वारा समोरून, म्हणजे वेग उरला ७५०. येताना तोच वारा पाठीशी, वेग झाला ९५०. नुसत्या या हिशेबानेच जाण्यायेण्यात अर्ध्या तासाचा फरक पडतो. त्यात धावपट्टीपर्यंतचं सरकणं, चढणं, उतरणं मिळवलं की वेळापत्रकात जाताना सव्वातीन तास आणि येताना तीनच्या आतबाहेर दिसतात.

घड्याळ आणखी गंमत करतं. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. मुंबईहून सकाळी १० वाजता निघालेलं विमान सव्वातीन तासांनी उतरतं, तेव्हा तिथे पावणेबाराच वाजलेले असतात. उलट दुबईहून १० ला निघून तीन तासांनी मुंबईत उतरलात, तर इथे अडीच वाजलेले. म्हणून तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी करू नये. आधी दोन्ही वेळा एकाच घड्याळावर आणाव्यात.

ही वजाबाकी कधीकधी फार जड असते. आमच्यात मय्यत फार काळ ठेवत नाहीत. वडील गेले, मुलगा दुबईत. मोहल्ल्यातली जाणती माणसं जनाजाची वेळ ठरवायला बसतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘तीन तासांचा तर रस्ता!’ अशा रात्री मी पाहिल्या आहेत. त्या मुलाचा हिशेब वेगळा असतो. मिळेल त्या विमानाचं तिकीट, खोलीपासून विमानतळ एक तास, तिथे तीन तास आधी हजेरी, मग उड्डाण, मुंबईत पासपोर्टची रांग आणि सामान यांत तासभर. त्यानंतर रत्नागिरीपर्यंत रस्त्याने सुमारे ३३० किलोमीटर, म्हणजे सात-आठ तास. तिकीट लगेच मिळालं तरी पंधरा-सोळा तास झाले. १,९३० किलोमीटरला तीन तास आणि ३३० किलोमीटरला आठ!

तेव्हा त्याला ‘विमान कितीचं?’ एवढंच विचारू नका. ‘उंबऱ्यात कधी पोचशील?’ असं विचारा, आणि तो सांगेल ती वेळ धरून जनाजा ठरवा. बापाला खांदा मिळणं न मिळणं कधीकधी या एका प्रश्नावर ठरतं.