धुरातून 'पाहणारा' कॅमेरा: आगीत शिरलेल्या जवानांना थर्मल कॅमेऱ्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही?

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टायकिन' नावाचं जहाज उभं होतं. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकंही होती. दुपारी जहाजातून धूर येऊ लागला. अग्निशमन दलाने ९०० टनांहून जास्त पाणी आत सोडलं, तरी आग विझेना. दाट धुरामुळे ती नेमकी कुठे धुमसतेय हेच कुणाला सापडत नव्हतं. चार वाजून गेल्यावर काही मिनिटांतच प्रचंड स्फोट झाला. या दुर्घटनेत अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात.

आग लागली आहे हे माहीत असणं वेगळं आणि ती कुठे आहे हे कळणं वेगळं. आग विझवणाऱ्यांची ही अडचण फार जुनी आहे आणि आज तिच्यावर एक उपाय त्यांच्या हातात आलाय. हा उपाय म्हणजे साधारण किलोभर वजनाचा, हातात धरायचा थर्मल इमेजिंग कॅमेरा.

या कॅमेऱ्याबद्दल सोशल मीडियावर बरंच काही फिरत असतं. 'भिंतीच्या आरपार दिसतं', 'आत किती माणसं आहेत ते बाहेरूनच कळतं' असे दावे केले जातात. यातलं खरं किती, हे समजून घेऊया.

धुरात नेमकं काय होतं?

सिनेमातल्या आगीत सगळीकडे केशरी उजेड असतो आणि हिरोला सगळं स्वच्छ दिसत असतं. खऱ्या घरातली आग अशी नसते. आजकाल घरात फोमचे सोफे, गाद्या, प्लास्टिक आणि प्लायवूड असतं. ते जळायला लागलं की काही मिनिटांत खोली काळ्याकुट्ट धुराने भरते. आत गेलेल्या जवानाला स्वतःचा हात दिसत नाही. टॉर्च लावला तरी उजेड धुरावर आपटून परत येतो, जसा दाट धुक्यात गाडीचा हेडलाइट येतो.

मग जवान काय करतात? रांगत पुढे जातात. एक हात भिंतीला किंवा पाण्याच्या होजला लावलेला, दुसऱ्या हाताने जमीन चाचपायची. पलंगाखाली, दाराआड, मोरीत कुणी पडलंय का ते हाताने शोधायचं. ही पद्धत आजही शिकवतात आणि ती उपयोगाचीही आहे. पण तिला वेळ लागतो आणि विषारी धुरात पडलेल्या माणसाकडे वेळच नसतो.

कॅमेरा धुरातून कसा पाहतो?

जगातली प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार अदृश्य किरण बाहेर टाकत असते. त्यांना इन्फ्रारेड किंवा अवरक्त किरण म्हणतात. विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने १८०० साली त्यांचा शोध लावला. माणसाचं शरीर, तापलेली भिंत, चुलीवरचा तवा, इतकंच काय बर्फाचा तुकडासुद्धा हे किरण सोडतो. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, एवढंच.

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते. आगीसाठी वापरले जाणारे थर्मल कॅमेरे ८ ते १४ मायक्रोमीटरचे किरण टिपतात. धुराचे बहुतेक कण या लांब लहरींच्या मानाने खूप बारीक असतात. तळ्यात रोवलेल्या बारीक काठीला मोठी लाट सहज ओलांडून जाते, तसं काहीसं इथे होतं. दिसणारा प्रकाश धुरात विखुरतो, पण हे लांब किरण बऱ्याच प्रमाणात पार होतात.

कॅमेऱ्याच्या आत हजारो सूक्ष्म चौकटींची एक पट्टी असते. किरण पडले की प्रत्येक चौकट किंचित तापते, तिचा विजेला होणारा विरोध बदलतो आणि त्यातून पडद्यावर चित्र तयार होतं. या तंत्राला मायक्रोबोलोमीटर म्हणतात. अमेरिकी लष्करासाठी ते विकसित झालं आणि १९९०च्या दशकात इतरांसाठी खुलं झालं. त्याआधी, १९८०च्या दशकात ब्रिटिश नौदलाने जहाजांवरच्या आगींसाठी थर्मल कॅमेरे वापरायला घेतले होते, पण ते बोजड होते. मायक्रोबोलोमीटरमुळे कॅमेरा एका हातात मावायला लागला.

पडद्यावर काय दिसतं?

नेहमीचं चित्र काळं-पांढरं असतं. जास्त गरम ते पांढरं, कमी गरम ते काळं. तापमान ठरावीक मर्यादेपुढे गेलं की त्या भागावर पिवळा, नारिंगी आणि शेवटी लाल रंग चढतो. एका कोपऱ्यात किंवा बाजूच्या पट्टीवर मधल्या बिंदूचं तापमान दाखवलेलं असतं.

थोडक्यात, हा कॅमेरा तापमानातला फरक दाखवतो. वस्तू कशी दिसते याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. माणसाचा चेहरा ओळखू येत नाही, भिंतीवरचा फोटो दिसत नाही, छापील पाटी वाचता येत नाही. दिसतात त्या गरम-थंड आकृत्या, आणि त्यांचा अर्थ लावण्याचं काम जवानाचं.

आत शिरल्यावर तो कसा वापरतात?

पहिला नियम असा की दारातच थांबायचं, खाली वाकायचं आणि मग पाहायचं. आधी छताकडे, कारण उष्णता वर साठते. मग समोर आडवं, कारण खोलीची रचना, खिडक्या आणि बाहेर पडायच्या वाटा कळायला हव्यात. मग जमिनीकडे, कारण बेशुद्ध माणूस तिथेच सापडण्याची शक्यता जास्त.

दुसरा नियम म्हणजे पाहून झालं की कॅमेरा खाली करायचा आणि मग पुढे सरकायचं. फोनकडे बघत रस्त्यावर चालणारा माणूस जसा खांबाला धडकतो, तसंच इथेही होतं. छोट्या पडद्यावर अंतराचा अंदाज चुकतो. पायरी, खड्डा, जमिनीवरचं सामान चटकन लक्षात येत नाही.

तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा: भिंत आणि होज सोडायचा नाही. कॅमेरा म्हणजे यंत्र. त्याची बॅटरी संपू शकते, तो हातातून पडू शकतो, प्रचंड उष्णतेत बंद पडू शकतो. यातले अनेक कॅमेरे २६० अंश सेल्सिअसमध्ये जेमतेम ५ मिनिटं टिकतील अशा बेताने बनवलेले असतात. तो बंद पडला आणि जवान खोलीच्या मधोमध असला, तर बाहेरची वाट कोण दाखवणार? हाताशी होज असेल, तर त्याचाच माग धरून दारापर्यंत येता येतं.

वूस्टरची घटना

अमेरिकेतल्या वूस्टर शहरात ३ डिसेंबर १९९९ला एका बंद पडलेल्या शीतगृहाला आग लागली. आत दोन बेघर माणसं असावीत म्हणून दोन जवान शोधायला गेले. ती माणसं आधीच निघून गेली होती. इमारतीला खिडक्या जवळजवळ नव्हत्याच, आत भिंतींचं जाळं होतं आणि धूर वेगाने वाढला. दोघे वाट चुकले. त्यांना शोधायला गेलेले आणखी चार जण परतलेच नाहीत. एकूण सहा जवान गेले.

या घटनेच्या सरकारी चौकशी अहवालातल्या शिफारशींमध्ये थर्मल कॅमेऱ्याचाही उल्लेख होता. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या अनेक दलांनी हे कॅमेरे घेतले. २०१०मध्ये तिथे अशा कॅमेऱ्यांसाठी स्वतंत्र मानकही आलं. आज मुंबईसारख्या मोठ्या शहरांच्या दलांकडेही ते आहेत.

कॅमेऱ्याला काय दिसत नाही?

भिंतीपलीकडचं दिसत नाही. कॅमेऱ्याला फक्त पृष्ठभागाचं तापमान कळतं. भिंतीमागे आग असेल आणि भिंतीचा अलीकडचा भाग तापला असेल, तर तो डाग दिसेल. जाड भिंत अजून तापलीच नसेल, तर काहीच दिसणार नाही.

काचेपलीकडचंही दिसत नाही. साधी काच या किरणांना अडवते. म्हणूनच कॅमेऱ्याचं भिंगही काचेचं नसतं, ते जर्मेनियम या मूलद्रव्याचं असतं. उलट काच, गुळगुळीत फरशी आणि चकचकीत स्टील हे किरण आरशासारखे परावर्तित करतात. त्यामुळे समोरच्या काचेत जवानाला स्वतःचीच आकृती दिसते आणि तिथे कुणी उभं आहे असं वाटू शकतं. अशा वेळी स्वतःचा हात हलवून पाहायचा. समोरची आकृतीही तसाच हात हलवत असेल तर ते प्रतिबिंब.

वाफ आणि पाण्यातूनही नीट दिसत नाही. आगीवर पाण्याचा मारा झाला की वाफेचे लोट उठतात आणि चित्र धूसर होतं. भिंगावर पाणी किंवा काजळी बसली तरी तेच. मध्येमध्ये हातमोज्याने भिंग पुसणं हासुद्धा प्रशिक्षणाचा भाग असतो.

हवेचं तापमानही कळत नाही. पडद्यावर आकडा दिसतो तो मधल्या बिंदूवरच्या पृष्ठभागाचा. डोक्यावरून वाहणारे तप्त वायू त्याहून कितीतरी गरम असू शकतात. छताजवळचं तापमान साधारण ५०० ते ६०० अंशांवर गेलं की खोलीतलं जवळपास सगळं सामान एकाच वेळी पेट घेऊ शकतं. आकडा कमी आहे म्हणून आत जाणं सुरक्षित, असा हिशोब त्यामुळे कधीच करायचा नसतो.

पायाखालची जमीन किती मजबूत आहे हेही सांगता येत नाही. तळघरात आग असेल आणि वर जाड लाकडी जमीन असेल, तर ती खालून जळून पोकळ झालेली असतानाही वरून थंड दिसू शकते.

मग माणूस तरी नक्की दिसतो का?

इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. माणसाचं शरीर गरम असतं, म्हणजे ते नेहमी पांढरं चमकणार असं वाटतं. पण जळत्या घरात आजूबाजूच्या वस्तू ३७ अंशांपेक्षा कितीतरी जास्त तापलेल्या असतात. तिथे माणूस हीच सगळ्यात थंड वस्तू असू शकते आणि पडद्यावर तो काळपट दिसतो. म्हणून जवानांना रंग नव्हे, आकार शोधायला शिकवतात. डोकं, खांदे, वाकलेला गुडघा.

त्यातच आणखी एक भर. समोर मोठी ज्वाळा आली की कॅमेरा आपोआप कमी संवेदनशील होतो, नाहीतर सगळा पडदा पांढरा पडेल. पडद्यावर तसं चिन्ह उमटतं. पण या अवस्थेत साध्या तापमानातले बारीक फरक पुसले जातात आणि जमिनीवरचा माणूस आजूबाजूच्या सामानात मिसळून जातो. अशा वेळी कॅमेरा ज्वाळेवरून बाजूला वळवून पुन्हा पाहावं लागतं.

आणि पांघरुणाखालचं, पलंगाखालचं, कपाटातलं माणूस तर दिसतच नाही. घाबरलेली लहान मुलं नेमकी तिथेच लपतात. म्हणून कॅमेरा असला तरी हाताने चाचपणं सुटत नाही.

आग विझल्यावरचं काम

ज्वाळा विझल्या की लोकांना वाटतं संपलं. पण फॉल्स सीलिंगच्या वर, वायरींच्या डक्टमध्ये, एसीच्या पाइपांभोवती आग धुमसत राहू शकते आणि काही तासांनी पुन्हा भडकू शकते. पूर्वी हे शोधायला अख्खं छत फोडावं लागायचं. आता कॅमेरा फिरवला की कुठे गरम डाग आहे ते कळतं आणि तेवढंच फोडलं तरी बऱ्याचदा भागतं.

गॅसच्या टँकरला आगीची झळ लागली असेल तरी कॅमेरा मदत करतो. आत जिथपर्यंत द्रव असतो तिथपर्यंतचा पत्रा उष्णता आत देत राहतो, म्हणून कमी तापतो. वरचा वायूचा भाग जास्त तापतो. पडद्यावर दोन्हींच्या मधली रेघ दिसते आणि पाण्याचा मारा आधी कुठे करायचा ते ठरवता येतं.

कापसाच्या गाठींचा प्रश्न मात्र आजही अवघड आहे. गाठ आतून धुमसत असते आणि वरून थंड दिसते. अशा गोदामात कॅमेऱ्यावर विसंबून चालत नाही, गाठी बाहेर काढून फोडाव्याच लागतात.

तुमच्या-आमच्या कामाचं काय?

फोनला जोडायचे छोटे थर्मल कॅमेरे आता ऑनलाइन मिळतात. घरातली गळती किंवा तापलेली वायर शोधायला ते ठीक आहेत. पण ते घेऊन धुरात शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. धुरातून दिसलं तरी धुरात श्वास घेता येत नाही.

आगीच्या वेळी सामान्य माणसाने करायच्या गोष्टी साध्या आहेत. बाहेर पडताना खोलीचं दार ओढून घ्या, त्याने धूर आणि आग पसरायला वेळ लागतो. एकदा बाहेर आलात की परत आत जाऊ नका. आणि जवान आले की त्यांना तीन गोष्टी लगेच सांगा: आत कोण अडकलंय, कुठल्या खोलीत असण्याची शक्यता आहे आणि गॅस सिलिंडर कुठे ठेवलाय. 'आजी मागच्या खोलीत पलंगावर असतात', 'मुलगा घाबरला की पलंगाखाली जातो', एवढं एक वाक्य शोधाची कितीतरी मिनिटं वाचवतं. कॅमेऱ्याला जे दिसणार नाही, ते त्या घरात राहणाऱ्याला माहीत असतं.