शीर्षक हेही एक लक्षणच: वेबपानाला नाव कसे द्यावे?

वेबपानाचं शीर्षक आणि सर्च इंजिन हा विषय तत्त्वज्ञानाच्या माणसाने का घ्यावा, असं काहींना वाटेल. पण एखादी वस्तू मोजक्या शब्दांत नेमकी ओळखून द्यायची कशी, या प्रश्नावर आपल्या नैयायिकांनी शतकानुशतके विचार केला आहे. त्याला ते ‘लक्षण’ म्हणतात. आज आपण तेच हत्यार वापरू.

आधी शीर्षक म्हणजे काय ते पाहू. पानावर मोठ्या अक्षरांत दिसतो तो मथळा. शीर्षक, म्हणजे टायटल, एचटीएमएलमध्ये ‘हेड’ या भागात वेगळं लिहिलेलं असतं. ते ब्राउझरच्या टॅबवर दिसतं आणि गूगलच्या निकालांत ज्या ओळीवर आपण क्लिक करतो, ती ओळ बहुतेक वेळा त्यावरूनच बनते.

आता आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. काटोलकडच्या एखाद्या शेतकऱ्याला संत्र्याच्या खोडातून डिंक गळताना दिसला. वेळीच उपाय झाला नाही, तर झाड वाळू शकतं. तो रात्री मोबाईलवर टाइप करतो, ‘संत्रा डिंक्या उपाय’. समजा, उत्तम माहिती असलेल्या पानाचं शीर्षक आहे, ‘लिंबूवर्गीय फळपिकांतील फायटोप्थोराजन्य विकारांचे एकात्मिक व्यवस्थापन’. यात चूक काहीच नाही. पण शेतकऱ्याच्या तीन शब्दांपैकी एकही त्यात नाही! पान वर आलं, तरी ते आपल्यासाठी आहे हे त्याला कळणार कसं?

लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. ‘गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी’ म्हटलं, तर म्हैसही त्यात येते, ही अतिव्याप्ती. ‘शेतीविषयक माहिती’ किंवा ‘मुख्यपृष्ठ’ ही शीर्षकं तशीच, हजार पानांना लागू पडणारी. ‘गाय म्हणजे तांबूस रंगाचा प्राणी’ म्हटलं, तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. पानात आंबिया आणि मृग अशा दोन्ही बहारांच्या फळगळीची माहिती आहे आणि शीर्षकात फक्त आंबिया, तर मृग बहारवाला परत जाईल. तिसरा दोष असंभव, म्हणजे जे गायीत नाहीच ते सांगणं. शीर्षकात ‘खात्रीशीर उपाय’ आणि पानात नुसत्या जाहिराती, हा तो प्रकार. पहिल्या दोन दोषांत वाचक हुकतो; तिसऱ्यात त्याचा विश्वास जातो.

मग शीर्षक कसं असावं? ‘संत्रा डिंक्या रोग: लक्षणे आणि उपाय’. लोकांचा शब्द आधी, संस्थेचं नाव शेवटी. कारण जागा अपुरी पडली की ओळीचा शेवट कापला जातो. गूगलने अक्षरांची ठरावीक मर्यादा सांगितलेली नाही. किती दिसेल ते स्क्रीनच्या रुंदीवर ठरतं. इंग्रजीतला साठ अक्षरांचा ठोकताळा मराठीला जसाच्या तसा लावू नये. आपल्याकडे काना, मात्रा, हलन्त हे सगळे संगणक स्वतंत्र मोजतो. शिवाय प्रत्येक पानाचं शीर्षक वेगळं हवं. एकच शब्द पाचदा कोंबू नये. रिकामं, सगळीकडे तेच किंवा असं कोंबलेलं शीर्षक दिसलं, तर गूगल मथळ्यातून किंवा मजकुरातून दुसरी ओळ उचलू शकतं.

मराठीची आणखी एक गंमत आहे. ‘नागपूर’ दीर्घ, पण ‘नागपुरात’ ऱ्हस्व. ‘संत्रा’, पण ‘संत्र्यावर’. हिंदीत तर ‘नागपुर’च. सर्च इंजिन ही रूपं बऱ्याचदा जुळवून घेतं, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नये. मूळ रूप शीर्षकात एकदा यावं, बाकीची रूपं मजकुरात आपोआप येतात. आणि हो, मजकूर युनिकोडमध्येच हवा. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये डोळ्यांना मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात. सर्च इंजिनच्या दृष्टीने तिथे मराठी नसतेच.

कुणी म्हणेल, सोप्या नावाने विद्वत्ता कमी होते. आपल्याला तसं वाटत नाही. शास्त्रीय संज्ञा पानाच्या आत सन्मानाने बसवावी. दारावरची पाटी मात्र येणाऱ्याच्या भाषेत असावी. म्हणून शीर्षक लिहिल्यावर स्वतःला तीनच प्रश्न विचारू या: हे दुसऱ्या पानालाही लागू पडतं का? या पानातलं महत्त्वाचं काही बाहेर राहतं का? आणि जे म्हटलं, ते आत खरोखर आहे का?