ग्रामीण रुग्णालयातील सेवागुणवत्तेचे मापन

ग्रामीण रुग्णालयातील सेवागुणवत्तेचे मापन म्हणजे अशा रुग्णालयात मिळणारी वैद्यकीय सेवा कितपत सुरक्षित, परिणामकारक, वेळेवर आणि रुग्णाचा सन्मान राखणारी आहे, हे ठरावीक निकषांच्या आधारे मोजण्याची पद्धत होय. भारतीय सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेत ज्या संस्थेस सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणतात, ती महाराष्ट्रात सामान्यतः ग्रामीण रुग्णालय या नावाने ओळखली जाते. राष्ट्रीय मानकांनुसार ३० खाटांची ही संस्था मैदानी प्रदेशात सुमारे १,२०,००० आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात सुमारे ८०,००० लोकसंख्येसाठी असते. प्राथमिक आरोग्य केंद्रांनी पाठविलेले रुग्ण येथे येतात आणि येथे ज्यांच्यावर उपचार होऊ शकत नाहीत, ते उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाकडे पाठविले जातात. या मधल्या स्थानामुळे येथील गुणवत्ता मोजणे मोठ्या रुग्णालयापेक्षा अवघड ठरते. रुग्णांची संख्या तुलनेने थोडी असते आणि उपचाराचा शेवट पुष्कळदा दुसऱ्याच रुग्णालयात होतो.

इतिहास

रुग्णालयाच्या कामाची आकडेवारीने परीक्षा करण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकात युरोपात रुजली. क्रिमियन युद्धात (१८५३–१८५६) लष्करी रुग्णालयांतील मृत्यूंच्या नोंदींचा अभ्यास करून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी अस्वच्छता व मृत्यू यांचा संबंध दाखवून दिला. सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात आकडेवारी ठेवावी, असा त्यांचा आग्रह होता.

याच काळात चुकीच्या मापनाचे एक प्रसिद्ध उदाहरणही घडले. नाइटिंगेल यांच्या रुग्णालयांविषयीच्या ग्रंथाच्या १८६३ च्या आवृत्तीत लंडनमधील २४ रुग्णालयांचा मृत्यूदर ९०.८४ टक्के दिला होता. वर्षभरातील मृत्यूंना एका ठरावीक दिवशी रुग्णालयात असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागल्यामुळे हा आकडा आला होता. वर्षभरात दाखल झालेल्या सर्व रुग्णांची संख्या छेदस्थानी घेतली असती, तर दर कितीतरी कमी आला असता. या आकड्यावरून इंग्लंडमधील वैद्यकीय वर्तुळात मोठा वाद झाला. अंश अचूक असूनही छेद चुकला तर निष्कर्ष चुकतो, हे या प्रसंगाने स्पष्ट केले.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील बॉस्टन येथील शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी प्रत्येक रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतर पाठपुरावा करून अंतिम परिणाम नोंदविण्याची पद्धत मांडली. १९११ ते १९१६ या काळात त्यांच्या खाजगी रुग्णालयातून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या बाबतीत आढळलेल्या १२३ चुका त्यांनी स्वतःहून प्रसिद्ध केल्या. समव्यवसायी मात्र त्यांच्यावर नाराज झाले. तथापि अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने पुढे रुग्णालयांसाठी किमान मानके ठरविली. त्यांनुसार झालेल्या पहिल्या पाहणीत ६९२ पैकी केवळ ८९ रुग्णालये निकषांना उतरली.

संरचना, प्रक्रिया आणि निष्पत्ती

या विषयाची आजची परिभाषा प्रामुख्याने अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन (१९१९–२०००) यांच्या लेखनातून आली. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी गुणवत्तेची पाहणी तीन अंगांनी करावी असे सुचविले.

संरचना: इमारत, खाटा, उपकरणे, औषधसाठा, मनुष्यबळ. उदा. प्रसूती कक्षात नवजात बाळासाठी उष्णता देणारे उपकरण आहे का, रात्रपाळीत प्रशिक्षित परिचारिका असते का.

प्रक्रिया: प्रत्यक्षात काय केले जाते. उदा. तपासणीपूर्वी हात धुतले जातात का, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत मातेस ऑक्सिटोसिन दिले जाते का.

निष्पत्ती: रुग्णाचे शेवटी काय झाले. उदा. मृत्यू, जखमेतील जंतुसंसर्ग, अपंगत्व, पूर्ण बरे होणे, रुग्णाचे समाधान.

संरचना मोजणे सर्वांत सोपे असते. परंतु उपकरण कपाटात असणे म्हणजे ते वेळेवर वापरले जाणे नव्हे. प्रक्रिया मोजण्यासाठी निरीक्षण लागते आणि निरीक्षक समोर असताना वर्तन सुधारते. निष्पत्ती हा सर्वांत महत्त्वाचा निकष असला, तरी त्यावर रुग्णालयाच्या कामाखेरीज रुग्णाचे वय, कुपोषण, आजाराची तीव्रता आणि रुग्णालयात पोहोचण्यास लागलेला वेळ यांचाही प्रभाव असतो.

या तिन्ही अंगांतील संबंध नेहमी सरळ नसतो, हे दोन अभ्यासांतून दिसून येते. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षितता पडताळणी सूची आठ देशांतील आठ रुग्णालयांत वापरून पाहण्यात आली. त्यांत नवी दिल्लीतील एक रुग्णालय होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. याउलट सुरक्षित प्रसूतीसाठीच्या सूचीचा उत्तर प्रदेशातील १२० आरोग्य संस्थांमध्ये अभ्यास झाला. त्यात दीड लाखाहून अधिक मातांचा समावेश होता आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सूची व मार्गदर्शन मिळालेल्या संस्थांत आवश्यक कृती पार पाडण्याचे प्रमाण इतर संस्थांच्या तुलनेत स्पष्टपणे वाढले. परंतु माता व नवजात बालकांचे मृत्यू आणि मातांमधील गंभीर गुंतागुंत यांच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. म्हणून केवळ प्रक्रियेचे गुण वाढले एवढ्यावरून जीव वाचले असे गृहीत धरता येत नाही.

भारतातील मापनपद्धती

सार्वजनिक आरोग्य संस्थांत कोणत्या सोयी असाव्यात हे सांगणारी भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके २००७ मध्ये लागू झाली. २०१२ व २०२२ मध्ये ती सुधारण्यात आली. त्यांचा भर मुख्यतः संरचनेवर आहे. सेवेच्या गुणवत्तेसाठी केंद्र शासनाने २०१३ मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके आणली. आरोग्य विभागाच्या बोलीत त्यांना ‘एनक्वास’ म्हणतात. या मानकांची आठ क्षेत्रे अशी आहेत: सेवांची उपलब्धता, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, साहाय्यक सेवा, वैद्यकीय उपचार, संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि निष्पत्ती.

प्रत्येक क्षेत्रातील मुद्दा पूर्णतः पाळला जात असल्यास २, अंशतः पाळला जात असल्यास १ आणि पाळला जात नसल्यास ० गुण दिले जातात. पडताळणी चार मार्गांनी होते: प्रत्यक्ष निरीक्षण, कर्मचाऱ्यांची मुलाखत, नोंदींची तपासणी आणि रुग्णांशी संवाद. एकाच मुद्द्यासाठी एकाहून अधिक मार्ग वापरल्याने कागद व वास्तव यांतील अंतर उघड होते. हात धुण्याचा फलक भिंतीवर असतो, पण हात धुण्याच्या सहा पायऱ्या परिचारिकेस करून दाखविता येतात का, हेही पाहिले जाते. प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी असते.

याशिवाय स्वच्छता व संसर्ग नियंत्रणासाठी ‘कायाकल्प’ (२०१५), रुग्णांचा अभिप्राय जाणण्यासाठी ‘मेरा अस्पताल’ (२०१६) आणि प्रसूती कक्ष व प्रसूतीविषयक शस्त्रक्रियागृह यांसाठी ‘लक्ष्य’ (२०१७) हे उपक्रम आहेत.

निर्देशकांची गणना

रुग्णालये दरमहा काही निर्देशक काढतात. खाटांच्या वापराचे प्रमाण काढताना महिन्यातील एकूण रुग्णदिवसांना खाटा व दिवस यांच्या गुणाकाराने भागून १०० ने गुणतात. समजा, ३० खाटांच्या रुग्णालयात ३० दिवसांत ७२० रुग्णदिवस भरले, तर उपलब्ध ९०० खाटादिवसांपैकी वापर ८० टक्के होतो. त्याच महिन्यात २४० रुग्ण घरी गेले असतील, तर सरासरी मुक्काम ३ दिवसांचा ठरतो.

हे आकडे एकटे वाचल्यास फसवे ठरतात. मुक्काम कमी होणे हे तत्पर उपचारांचे लक्षण असू शकते, तसेच बाळंतिणीस घाईने घरी पाठविल्याचेही असू शकते. म्हणून वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी गेलेले रुग्ण, वरच्या रुग्णालयात पाठविलेले रुग्ण, पुन्हा दाखल झालेले रुग्ण आणि शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग यांच्या प्रमाणांसह ते वाचावे लागतात.

सिझेरियन शस्त्रक्रियेचे प्रमाण हेही असेच उदाहरण आहे. प्रत्येक रुग्णालयात येणाऱ्या मातांची स्थिती भिन्न असते. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये रुग्णालयासाठी एकच आदर्श टक्केवारी सांगण्याऐवजी मातांचे दहा गट पाडणारे रॉबसन वर्गीकरण वापरण्याची शिफारस केली.

मापनातील अडचणी

लहान संख्या: २०१८–२० या काळात भारतातील मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ होते. वर्षाला ६०० प्रसूती होणाऱ्या रुग्णालयात या प्रमाणाने वर्षाला सरासरी ०.६ मृत्यू अपेक्षित ठरतात. त्यामुळे सलग दोन वर्षे एकही मातामृत्यू न होणे हा उत्तम सेवेचा पुरावा नव्हे आणि एका वर्षी एक मृत्यू होणे हा वाईट सेवेचाही पुरावा नव्हे. संख्याशास्त्रातील ‘तीनाच्या नियमा’नुसार ३०० घटनांत एकही दोष आढळला नाही, तरी दोषाचे खरे प्रमाण सुमारे १ टक्क्यापर्यंत असण्याची शक्यता उरते.

अन्यत्र पाठविलेले रुग्ण: अत्यवस्थ रुग्णास रुग्णवाहिकेने जिल्हा रुग्णालयात पाठविल्यास आणि तेथे त्याचा मृत्यू झाल्यास त्याची नोंद जिल्हा रुग्णालयात होते. अवघड रुग्ण ठेवून घेणाऱ्या रुग्णालयाचा मृत्यूदर वाढतो आणि सर्वांना पुढे पाठविणाऱ्याचा शून्य राहतो. यासाठी रुग्णास का पाठविले, निर्णयास किती वेळ लागला, पाठविण्यापूर्वी कोणते उपचार केले आणि पुढे काय झाले, या चार बाबींचा पाठपुरावा आवश्यक मानला जातो.

प्रामाणिक नोंद: शस्त्रक्रियेच्या जखमेतील संसर्ग पुष्कळदा रुग्ण घरी गेल्यावर दिसतो. जे रुग्णालय आशा कार्यकर्तीच्या मदतीने ३० दिवसांपर्यंत चौकशी करते, त्यास अधिक संसर्ग आढळतात. जे चौकशीच करीत नाही, त्याची नोंदवही कोरी राहते. अशा आकड्यांवरून रुग्णालयांचे क्रमांक लावल्यास प्रामाणिक रुग्णालयास शिक्षा झाल्यासारखे होते आणि नोंदी लपविण्याची प्रवृत्ती वाढते.

लक्ष्यपूर्तीचा दबाव: इंग्लंडमधील स्टॅफर्ड रुग्णालयाचे प्रकरण या संदर्भात अभ्यासले जाते. तेथील व्यवस्थापनाने आर्थिक व प्रशासकीय लक्ष्यांवर भर दिला. २००५ ते २००९ या काळात रुग्णांना पाणी, जेवण व स्वच्छता यांबाबतही हेळसांड सोसावी लागल्याचे सार्वजनिक चौकशीतून पुढे आले. २०१३ च्या चौकशी अहवालाने २९० शिफारशी केल्या.

रुग्णांचा अनुभव व मृत्यूंचे अन्वेषण

ग्रामीण भागात अभिप्राय घेताना विशेष काळजी लागते. उपचार करणाऱ्याच कर्मचाऱ्याने ‘समाधानी आहात का’ असे विचारल्यास रुग्ण संकोचाने होकार देतो. त्यामुळे ‘औषध कसे घ्यावे हे सांगितले का’, ‘बाहेरून काही विकत आणावे लागले का’, ‘तपासताना पडदा लावला का’ असे घटनेविषयीचे प्रश्न अधिक उपयुक्त ठरतात. ते रुग्णाच्या भाषेत आणि शक्यतो त्रयस्थ व्यक्तीने विचारावेत असे मानले जाते.

मृत्यूंची संख्या थोडी असल्यास दर काढण्यापेक्षा प्रत्येक मृत्यूचा तपशीलवार अभ्यास अधिक शिकवितो. भारतात २०१० पासून मातामृत्यू अन्वेषणाची पद्धत रुग्णालय व समाज अशा दोन्ही पातळ्यांवर राबविली जाते. घरी निर्णय घेण्यास, रुग्णालयात पोहोचण्यास आणि पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यास झालेला विलंब असे तीन प्रकार त्यात तपासले जातात. यांपैकी तिसरा विलंब थेट रुग्णालयाच्या अखत्यारीत येतो. मृत्यूच्या दारातून परत आलेल्या मातांच्या प्रकरणांचाही असाच अभ्यास करण्यासाठी २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना आल्या. अशा मातांची संख्या मृत्यूंहून अधिक असते आणि काय घडले हे त्या स्वतः सांगू शकतात. त्यामुळे लहान रुग्णालयांसाठी ही पद्धत विशेष उपयोगी ठरते. अन्वेषणाचा हेतू दोषी व्यक्ती शोधणे हा नसून पुढील मृत्यू टाळणे हा आहे, असे या मार्गदर्शक सूचनांत अभिप्रेत आहे. कर्मचाऱ्यांना याची खात्री असेल तरच घडलेली गोष्ट केसपेपरवर जशीच्या तशी लिहिली जाते. पुढील सर्व मापन त्या नोंदीवरच उभे असते.